वायर काढली अन् वारं शिरलं

"लावा! लावा फोन!"

लहरनाथ महाराजांनी हात वर केला आणि वसतिगृहाच्या अंगणात जमलेली गर्दी एकदम चिडीचूप झाली.

पडेगावातून दौलताबादकडे निघालं की डाव्या हाताला हे कन्या वसतिगृह लागतं. एरवी रविवारी सकाळी त्याच्या अंगणात ओढण्या आणि चादरी वाळत असतात. आज दोऱ्या सोडून मांडव घातला होता. पुढे आया बसल्या होत्या, मागे बाप उभे होते, गच्चीच्या कठड्यावर मुली ओणवल्या होत्या आणि फाटकाबाहेर गाड्या उभ्या करून रिकामटेकडे टाचा उंचावत होते. ज्यांच्या मुली ठणठणीत होत्या, ते सगळ्यांत जोरात हात जोडत होते. ज्यांच्या आजारी होत्या, त्यांचे हात नुसतेच मांडीवर पडलेले होते.

महाराजांसमोर पाटावर काळ्या घोंगडीची एक पिशवी होती. तिच्यात त्यांनी नुकताच एका पालकाचा फोन टाकला होता, तोंडाला दोन घड्या घातल्या होत्या आणि वरून भंडारा उधळला होता. संस्थेचे सचिव सुदर्शनराव यांनी आपल्या फोनवरून त्या फोनला कॉल लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. फोनमधल्या बाईनं नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"ऐका! फोन कुठंय? पाटावर! अन् बाई काय म्हणती? बाहेर गेला!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "लहर बांधली का नाय?"

"बांधली!" गर्दी गरजली.

"आता ह्यांच्या कॉलेजानं काय केलं? भिंतीतल्या वायरी उपटल्या अन् छताला डबे टांगले. म्हणे, बिनतारी नेट! मी इचारतो, तार नाय तर ते नेट येतं कशावर बसून? बैलगाडीत बसून येतं? रिक्षानं येतं, शेअरिंगमधी?"

लोक हसले. महाराज हसले नाहीत. हसू कधी आवरायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"वाऱ्यावर येतं, माऊली. अन् वारं कुठं शिरतं?"

"अंगात," पुढच्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली.

"शाबास! कोणच्या खोल्यांत शिरलं? सात, सतरा, सत्तावीस. सातच का? साती आसरा! अन् आसरा कशातल्या? पाण्यातल्या! म्हणून ज्या दिवशी इथं पाण्याचा ठणठणाट असतो, त्या दिवशी कुणालाच काय व्हत नाय. अन् दवाखान्यात नेलं की पोरगी वाटंतच बरी. का? बाधेला हद्द असती! खोटं असंल तर इचारा पोरींना!"

विचारायची गरज नव्हती. ते सगळं खरं होतं.

सर्वांत मागे, नळाच्या ओट्याला टेकून उभ्या असलेल्या दीपमालाबाईंना तेच जास्त लागलं. त्या या वसतिगृहाच्या रेक्टर आणि कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. बाबाचं पाखंड त्यांना पहिल्या वाक्यातच कळलं होतं. पण खोल्या कोणत्या, दिवस कोणते, बरं कुठं वाटतं, ही चौकशी त्या बाबानं केली होती. बाईंनी केली नव्हती. बाईंनी व्याख्यान दिलं होतं.

त्यांच्याशेजारी उभी असलेली बारा नंबर खोलीतली श्रेया पुटपुटली, "मॅडम, ह्यांना मी कुठंतरी बघितलंय. जवळून बघितलंय."

"बाबा लोक सगळे सारखेच दिसतात गं," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं.

वायरी काढण्याचा हट्ट बाईंचाच होता. खोलीत मुली चार आणि भिंतीत नेटचं भोक एक. त्या एका वायरीवरून रोज भांडणं, उंदरांनी कुरतडली की आठवडाभर सुतक, आणि निम्म्या मुलींकडे लॅपटॉपच नाही. फोनला ती वायर लावणार कुठं? बाईंनी सुदर्शनरावांचा पिच्छा पुरवला, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत ठेकेदाराची माणसं आली, भिंतीतल्या वायरी ओढून तांब्यासाठी भंगारात घेऊन गेली आणि व्हरांड्यांच्या छताला पांढरे डबे बसवून गेली. मुली परत आल्या, तेव्हा हिरवे दिवे लुकलुकत होते. पहिल्या दिवशी सगळ्या खूश. थंडी वाढली आणि डोकी धरायला लागली.

आधी सात नंबरातली एक मुलगी सकाळी उठता उठता ओकली. मग सत्तावीसमधली शालू जिन्यात चक्कर येऊन पडली. मग सतरातल्या सत्यशीलाला वरचेवर होऊ लागलं. सकाळी कपाळात घण, पाय लटलट, पोटात ढवळणं. कॉलनीतल्या डॉक्टरांपर्यंत रिक्षातून जाईस्तोवर रंग पालटायचा. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. दीपमालाबाईंनी मुलींना एकत्र बसवून सांगितलं, की वायफायनं काही होत नाही, एकीला झालं की दुसरीला वाटतं, हे मनाचे खेळ असतात. छान, मुद्देसूद बोलल्या. मुलींनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी परत ओकल्या.

मांडव उठल्यावर सत्यशीलाचा बाप, ज्याला ती दादा म्हणायची, बाईंसमोर येऊन उभा राहिला. केरबा फर्दापूरकडचा. मेंढरं भावाच्या हवाली करून, खांद्यावर घोंगडी टाकून आलेला. डोक्याचा रुमाल त्यानं काढून हातात धरला होता.

"बाई, उद्या सकाळी म्हाराज पोरींना खोलीत बसवून बाधेची बंदिस्ती करनार हायेत. साहेबांनी हो म्हणलंय. ते झालं अन् गुण आला तर ठीक. न्हायतर मी पोरीला घिऊन जातो."

"कुठं?"

"घरी. तिच्या मामानं पोरगं बघून ठेवलंय. चार महिन्यांपासून मी थांबा म्हणतोय."

"केरबा, तिसरं वर्ष आहे तिचं. प्रात्यक्षिकं तोंडावर आलीत. ती वर्गात पहिली आहे."

"म्हाईत हाय की. गावात मीच सांगत फिरतो." केरबानं रुमाल पिळला. "बाई, मला अक्षर कळत नाय. पर मेंढरू एका जागी आजारी पडतं अन् जागा बदलली की बरं व्हतं, तवा आमी मेंढराला बोल लावत नाय. जागंत खोट असती. तुमी म्हणता पोरीच्या मनात हाय. माझी पोरगी खोटं बोलणारी नाय."

"मी तसं म्हटलं नाही—"

"मंग काय म्हणला?"

बाई तडक सुदर्शनरावांच्या दालनात गेल्या. तिथं त्या तावातावानं बोलल्या, कायद्याची भीती घातली, तेव्हा सुदर्शनराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, निम्म्या मुली गावी निघाल्यात. वसतिगृह ओस पडलं तर पुढच्या वर्षी बंदच करावं लागेल. तुमच्याकडे दुसरा इलाज आहे का? असेल तर सांगा, आत्ता महाराजांना हाकलतो."

बाई उठून वसतिगृहाकडे चालू लागल्या.

संध्याकाळी सत्यशीला खाटेवर बसून वह्या पेटीत भरत होती. भिंतीला टेकलेली ती खाट, तिच्या वर जुन्या नेटचं चौकोनी भोक, झाकण केव्हाच गेलेलं. त्यावर तिनं रसायनशास्त्राच्या मूलद्रव्यांचा तक्ता अडकवला होता.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही म्हणता वायफायनं काही होत नाही. मला पटतं. पुस्तकातबी तेच आहे. मग मला होतंय ते काय आहे?"

"मला माहीत नाही, सत्या."

"मग ते आधीच सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. "उद्या मी बसते बंदिस्तीला. मला काही बाबावर भरवसा नाही. पण मी बसले नाही तर दादा आत्ताच्या आत्ता नेतील. बसले तर निदान उद्याचा दिवस हातात राहतो."

दारात उभी असलेली श्रेया म्हणाली, "मॅडम, माझी खाट बारा नंबरात, दारातच. त्या डब्याच्या बरोबर खाली झोपते मी. मला शिंकसुद्धा येत नाही. आणि ह्या सत्तीच्या खाटेवरून तो डबा दिसतपण नाही. हे काय गौडबंगाल आहे?"

बाईंनी तो प्रश्न उशाला घेतला आणि कूस बदलत राहिल्या.

सकाळी अंगणात जत्रा होती. या शहरात नळाला पाणी येणं हीच मुळात दर्शनाची गोष्ट. पण सुदर्शनरावांनी खास टँकर मागवला होता, कारण महाराजांनी फर्मावलं होतं की बंदिस्तीला बसणाऱ्या मुलींनीच नव्हे, त्यांच्या घरच्या झाडून सगळ्यांनी कढत पाण्यानं स्नान करायचं. गच्चीवरचा सौर बंब दोन वर्षांपासून बंद. त्यामुळे तळमजल्याच्या मागच्या खोलीतला मोठा कोळशाचा बंब वसतिगृहाचा शिपाई बन्सी यानं गळ्यापर्यंत भरून पेटवला होता.

सतरा नंबरात तीन मुली बसल्या: सत्यशीला, शालू आणि सातमधली ती मुलगी. मध्ये पाट, पाटावर नारळ. महाराज स्वतः खिडक्या तपासत फिरत होते.

"फट ठिवायची नाय! वारं आत यायची एकबी वाट ऱ्हायली, तर सगळी मेहनत मातीत. चिकटपट्टी लावा. दाराखाली वलं गोणपाट घाला."

"एक खिडकी तरी उघडी ठेवा," दीपमालाबाई म्हणाल्या.

"बाईसाहेब, चाळणीत पाणी भरता का तुमी? वारं कोंडायचंय तर खिडकी उघडी कशाला?"

"आणि तुम्ही आत बसणार नाही?"

"मी बसलो तर बाधा घाबरून येणारच नाय." महाराजांनी व्हरांड्यात, मोकळ्या हवेत, जाडसर आसन टाकलं. बाहेरून कडी लावली, तिच्यात लाल दोरा गुंफला, लोबानाचं ताट पेटवलं. "पोरींनो, म्हणत ऱ्हायचं: लहर बांध, लहर बांध. थांबायचं नाय!"

आतून तीन आवाज सुरू झाले. बाईंना ते ऐकवेना. त्या जिना उतरल्या, अंगण ओलांडून मागे गेल्या. तिथं बंबखोलीच्या दाराबाहेर, थंडीत कुडकुडत, बन्सी बिडी ओढत बसला होता.

"अरे, आत शेक सोडून बाहेर काय बसलास?"

"आत नगं वाटतं, बाई. जरा बसलं की डोस्कं धरतंय. मळमळतंय."

बाई एक पाऊल पुढं टाकून थबकल्या.

"कधीपासून?"

"झाले की दिवस. ह्या थंडीपासून. त्या वरच्या धुराड्यात पारव्यांनी घरटं केलंय, काढतो काढतो म्हणून ऱ्हाऊनच गेलं."

"डोकं धरतं. मळमळतं." बाई स्वतःशीच बोलत आत शिरल्या. कोळसा लालबुंद फुलला होता. धूर जवळजवळ नाहीच, वासही नाही. कोपऱ्यात भिंतीवर जुन्या नेटचं लोखंडी कपाट होतं. आता रिकामं, दार निखळलेलं. कपाटामागे मनगटाएवढ्या जाड प्लास्टिकच्या नळीचं तोंड उघडं पडलं होतं. बन्सी मागोमाग दारात आला. त्याच्या बिडीचा धूर दारातून आत वळला, खोलीतून सरळ त्या कोपऱ्याकडे गेला आणि नळीच्या तोंडात नाहीसा झाला.

"हे भोक कसलं?"

"वायरींचं. आधी वायरी ठासून भरल्या होत्या, तोंडाला लांबीचा लेप दिलेला. ठेकेदारानं वायरी वढून नेल्या, भोक तसंच ऱ्हायलं."

"जातं कुठं?"

"सरळ वर. सात, सतरा, सत्ता—"

बाई धावत सुटल्या होत्या. "बंब विझव!" एवढंच बन्सीला ऐकू आलं. "पाणी ओत त्याच्यावर! आणि दार उघडं ठेवून बाहेर पळ!"

जिन्यात लोक दाटीवाटीनं बसले होते. बाई त्यांच्या खांद्यांवर हात देत, पायांवर पाय देत वर पोचल्या. महाराजांचे डोळे मिटलेले. दारातून आवाज येत नव्हता.

"कधी थांबल्या मुली?" बाईंनी ओरडून विचारलं.

"शांत झाल्या," महाराज डोळे न उघडता म्हणाले. "वारं निघतंय. पोरी निपचित पडतात तवा समजायचं, गुण येतोय."

"कडी काढा!"

"मधेच दार उघडलं अन् काय झालं, तर जबाबदारी तुमची!"

"माझीच आहे! केरबा, दार उघडा! आत विषारी हवा आहे. कोळशाची. वारं नव्हे, बाधा नव्हे, तुमची मुलगी गुदमरतेय!"

केरबानं एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग त्यानं दाराला कान लावला. आयुष्यभर कळपाचा श्वास ऐकून झोपणारा माणूस तो. आतली शांतता त्याला आवडली नाही.

"सत्ये!" त्यानं हाक मारली. "ए सत्ये! ओ दे, माये!"

आतून काही नाही.

त्यानं लाल दोरा तोडला, कडी ओढली, खांद्यानं दार आत ढकललं. ओलं गोणपाट सरकेना. श्रेया आणि बाई दोघींनी जोर लावला. तिन्ही मुली पाटाभोवती लवंडल्या होत्या. सत्यशीला भिंतीला लागून, त्या तक्त्याखाली. गाल गुलाबी, उन्हातून आल्यासारखे; मान मात्र लुळी. बाईंनी खुर्ची उचलून खिडकीच्या काचेवर घातली.

"बाहेर! गच्चीवर! मोकळ्यावर न्या!"

केरबानं पोरीला कोकरासारखं खांद्यावर घेतलं. गच्चीवर गार वारं सुटलं होतं. शालू खोकली, रडायला लागली. सातमधली मुलगी ओकली. सत्यशीला काहीच करेना. बाईंनी तिचं नाक धरलं, तोंडानं श्वास दिला, पुन्हा दिला. केरबा देवाचं नाव घेत नव्हता, फक्त तिचे तळपाय चोळत होता, कातडं निघेल इतक्या जोरानं. मागून जिन्यात महाराजांचा आवाज चढला होता, "मी म्हणलं व्हतं, दार उघडू नका—"

सत्यशीलाची छाती एकदा धडकन् वर आली. मग तिनं स्वतः श्वास घेतला. घरघरता, वाईट, पण स्वतःचा.

रुग्णवाहिकेतल्या प्राणवायूनं आलेला गुण आणि दवाखान्यातली रक्ताची तपासणी, दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली. डॉक्टर केरबाला म्हणाले, रक्तात कोळशाच्या धगीचं विष भिनलंय. आणखी थोडा वेळ त्या खोलीत राहिली असती, तर आम्ही काही करू शकलो नसतो.

पण विष म्हणजे काय, हे केरबाला कसं पटावं? दुसऱ्या दिवशी दुपारी तो सत्यशीलाला घेऊन वसतिगृहात आला, तो पेटी उचलायलाच. अंगणात पुन्हा गर्दी होती. महाराजही होते. माणूस पळून गेला असता, पण गर्दीनं त्यांना सोडलं नव्हतं. तिन्ही मुली जगल्या, ही त्यांचीच कृपा असा बोभाटा झाला होता, आणि कृपेला पळून जाता येत नाही.

"बाई, तुमचे उपकार हायेत," केरबा म्हणाला. "पर आता हितं ठेवत नाय. जागंत खोट हाय."

"बरोबर," दीपमालाबाई म्हणाल्या. "तुम्ही परवा म्हणालात तेच खरं होतं. जागेत खोट आहे. मी ऐकलं नाही. आता ती खोट कुठं आहे ते बघून जा. पेटी नंतर उचला."

त्यांनी महाराजांच्या पुढ्यातलं लोबानाचं धुमसतं ताट उचललं. "हे घेते हं थोडा वेळ. केरबा, तुम्ही सतरा नंबरात जाऊन त्या तक्त्यामागचं भोक बघत बसा. पापणी लववू नका. सात आणि सत्तावीसमध्येही कुणीतरी बसा. सुदर्शनराव, तुम्ही माझ्याबरोबर खाली चला."

बंबखोलीत त्यांनी ताट नळीच्या तोंडाशी ठेवलं, दार लोटलं आणि बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मग वरून केरबाचा आवाज आला.

"आला! बाई, भिंतीतून धूर आला!"

"इथंबी आला!" वरून शालू ओरडली.

"सातमध्ये पण!"

केरबा व्हरांड्याच्या कठड्याशी आला. डोळे लोबानानं पाणावले होते, की आणखी कशानं, कोण सांगणार. "म्हंजी बाई, बाधा ह्या नळीतून येत व्हती?"

"ह्या नळीतून येत होती. कोळसा नीट जळला नाही की एक हवा सुटते. तिला रंग नाही, वास नाही. लोबानासारखा वास असता, तर तुमच्या पोरीच्या नाकानंच ती पकडली असती. वर धुराडं पारव्यांनी बुजवलं, खाली वायरी काढून नळी मोकळी केली. मग हवा कुठं जाणार?"

"मंग पाणी नसलं की बरं वाटायचं, ते?"

"पाणी नाही तर आंघोळ नाही. आंघोळ नाही तर बंब नाही. आसरांचा काय संबंध?"

"अन् दवाखान्याच्या वाटंवर बरी व्हायची?"

"रिक्षाला काचा असतात का, केरबा?"

गर्दीतून कुणीतरी पहिल्यांदा हसलं. महाराजांनी घसा खाकरला. "नळी असंल. पर त्या नळीत लहर शिरली म्हणूनच ना! मी पिशवीत लहर बांधून दाखवली. सगळ्यांनी बघितली!"

"हो, ते राहिलंच," बाई म्हणाल्या. "घोंगडीत लहर अडकते, असं म्हणता ना? केरबा, तुमची घोंगडी द्या. हिच्यापेक्षा खरी घोंगडी कुठली असणार?"

केरबानं खाली येऊन खांद्यावरची घोंगडी दिली. बाईंनी सुदर्शनरावांचा फोन तिच्यात ठेवला, घोंगडीची घट्ट वळकटी केली आणि श्रेयाला खूण केली. श्रेयानं कॉल लावला. वळकटीच्या पोटातून फोन खणखणीत वाजायला लागला. वाजतच राहिला. उचलायला कुणाला सुचलं नाही.

"आता महाराजांची पिशवी."

महाराजांनी पिशवी पाठीमागं घेतली. केरबानं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, ओढाताण न करता, लहान पोराच्या हातातून विळा काढून घ्यावा तशी. शिवण उसवली. घोंगडी आणि अस्तर यांच्यामध्ये चकचकीत रुपेरी कागद निघाला, पदरापदरानं घातलेला. डब्यात पोळ्या गुंडाळून देतात तो.

"बाई, ह्यो तर भाकरीचा कागद," पुढच्या रांगेतली ती बाई म्हणाली.

"धातूचा असतो तो," दीपमालाबाई म्हणाल्या. "फोन चारही बाजूंनी त्यात नीट गुंडाळला की बाहेरून त्याला काही ऐकू येत नाही. घरी जाऊन करून बघा. मंत्र लागत नाही."

श्रेया इतका वेळ महाराजांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. एकदम तिनं टाळी वाजवली. "अहो! तुम्ही क्रांती चौकात मोबाइलला काच बसवायचे ना? सांडूभाई! माझ्या फोनला तिरकी बसवली होती तुम्ही!"

"तिरकी नव्हती, तुझा फोनच वाकडा व्हता!" महाराज ताडकन म्हणाले, आणि मग अंगणभर जी शांतता पसरली, तीत त्यांना स्वतःचं वाक्य पुन्हा नीट ऐकू आलं.

"मॅडम, जाने दो ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "दुकान उठलं, तवा हे सुरू केलं. पोरींचं वाईट व्हावं आसं मनात नव्हतं."

"मनात नव्हतं, हे तुम्ही पोलिसांना सांगा. मला एवढंच दिसतं, की तुम्ही खिडक्यांना चिकटपट्टी लावली आणि स्वतः बाहेर बसलात."

सुदर्शनराव पुढे झाले, बाबांविरुद्ध चार शब्द बोलायला. अशा वेळी ते नेहमीच पुढे होत. बाईंनी त्यांना थांबवलं.

"आधी मला बोलू द्या. यांनी खोटं उत्तर दिलं. मी तर प्रश्नच नाकारला. मुली आजारी होत्या आणि मी त्यांना सांगत होते, की तुम्हाला काही झालेलंच नाही. तेही एक प्रकारचं बाबापणच. विज्ञान म्हणजे 'असं होत नाही' म्हणून हात झटकणं नाही. काय बदललं, कुठं होतं, कधी होत नाही, हे चिकाटीनं विचारणं म्हणजे विज्ञान. हे प्रश्न एका भोंदूनं विचारले आणि त्यांची उत्तरं त्यानं विकली. आपण विचारले असते, तर उत्तर फुकट मिळालं असतं, त्या नळीच्या तोंडाशी. म्हणून एवढंच सांगते. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी पिशवी उसवून बघा. आणि माणूस आजारी पडलं, तर त्याला कोंडू नका."

लोक हळूहळू पांगले. बन्सी शिडी घेऊन धुराड्यावर चढला. सुदर्शनरावांनी गच्चीवरचा सौर बंब दुरुस्त करायचं सगळ्यांसमोर कबूल केलं, म्हणून ते होण्याची थोडी आशा होती.

दीपमालाबाई वर गेल्या, तेव्हा सतरा नंबरात केरबा सिमेंटचा गोळा मळत होता. नळीचं खालचं तोंड गवंडी बुजवणार होता, पण वरच्या भोकासाठी केरबाचा त्याच्यावर भरवसा नव्हता. ते तो स्वतःच्या हातानं बुजवत होता. सत्यशीला खाटेवर टेकून, थकल्या आवाजात सूचना करत होती. पेटी अजून दाराशीच होती. भरलेली.

भोक बुजलं. केरबानं बोट ओलं करून त्यावरून फिरवलं, मग तक्ता परत अडकवला, उलटा. सत्यशीलानं तो सुलटा करायला लावला.

"दादा, पेटी?"

केरबानं पेटी उचलली, बाई एक पाऊल पुढे आल्या, आणि त्यानं ती खाटेखाली सरकवली.

"तुझ्या मामाला मी बघतो," तो म्हणाला.

मग तो खिडकीशी गेला. काच फुटलेल्या तावदानाला कुणीतरी पुठ्ठा लावला होता, दुसऱ्यावर अजून महाराजांची चिकटपट्टी होती. त्यानं ती नखानं खरवडून सोलली, कडी काढली आणि दोन्ही दारं भिंतीला लागेपर्यंत ढकलली. दौलताबादच्या डोंगराकडून गार झुळूक आत आली. खाटेवरच्या वह्या फडफडल्या.

"दादा, थंडी वाजतीये," सत्यशीला म्हणाली.

केरबानं खांद्यावरची घोंगडी काढून तिच्या अंगावर घातली.

"वाजू दे," तो म्हणाला. "येऊ दे वारं."